फ्लाउंडर कुठे दबा धरून बसतो: चारही ऋतूंतली गळाची मासेमारी

गुडघाभर पाण्यात उभे राहून आपण लांबवर गळ फेकतो, तेव्हा फ्लाउंडर हा चपटा मासा पुष्कळदा आपल्या मागेच असतो. येताना आपण जो उथळ चर ओलांडला, त्याच्याच काठावर तो वाळूत अंग दडवून बसलेला असतो. मला हे कळायला पहिला सगळा हंगाम लागला. त्यानंतर मी पाण्यात उतरायच्या आधी काठावरूनच चार-पाच वेळा गळ टाकतो, पायांजवळची जागा तपासतो आणि मगच पाऊल पुढे टाकतो. या माशाच्या मागे जाणाऱ्याने सर्वांत आधी ही एक सवय लावून घ्यावी.

फ्लाउंडर शिकारीचा पाठलाग फारसा करत नाही. तो वाट पाहतो. प्रवाह जिथून खाणे घेऊन येणार, तिकडे तोंड करून तळाशी पडून राहतो आणि भक्ष्य हाताशी आले की उसळून धरतो. तो हलत नाही म्हणून आपल्याला हलावे लागते. तो कुठे बसला असेल हे ऋतू, भरती-ओहोटी आणि तळाचा आकार या तीन गोष्टींवरून ओळखता येते. पुढचे सगळे त्याच ओळखीबद्दल आहे.

आधी मासा समजून घ्या

मराठीत ज्यांना लेप किंवा भाकस म्हणतात, त्याच चपट्या माशांच्या गणातला हा मासा. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू इतर माशांसारखेच असते, दोन बाजूंना दोन डोळे असलेले. काही आठवड्यांत त्याचा एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो, आणि मग तो आयुष्यभर एका कुशीवर तळाशी राहतो. वरची बाजू तपकिरी, खालची पांढरी. वरच्या बाजूचा रंग तो तळाप्रमाणे बदलतो, आणि पर फडफडवून अंगावर वाळूचा पातळ थर घेतला की डोळे तेवढे बाहेर राहतात.

फ्लाउंडर हे एकाच माशाचे नाव नाही, आणि कोणता फ्लाउंडर समोर आहे त्यावर गळाचा आकारसुद्धा ठरतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्सपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत मुख्यतः समर फ्लाउंडर मिळतो. तिथले लोक त्याला फ्लूक म्हणतात. नॉर्थ कॅरोलिनापासून दक्षिणेला आणि मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्याने टेक्सासपर्यंत सदर्न फ्लाउंडर असतो. त्याच आखातात गल्फ फ्लाउंडरही सापडतो. तिन्हींचे डोळे डाव्या बाजूला असतात आणि तोंड मोठे, दातेरी असते. ओळखायचे अंगावरच्या डोळ्यासारख्या ठिपक्यांवरून: समर फ्लाउंडरच्या शेपटीकडच्या भागात असे पाच ठळक ठिपके असतात, गल्फ फ्लाउंडरच्या अंगावर तीन ठिपक्यांचा त्रिकोण असतो, सदर्न फ्लाउंडरवर ठळक ठिपके नसतातच.

विंटर फ्लाउंडर आणि युरोपातला फ्लाउंडर ही वेगळी मंडळी. त्यांचे तोंड लहान, डोळे बहुधा उजव्या बाजूला, आणि खाणे म्हणजे मुख्यतः किडे, शिंपल्या, लहान खेकडे. त्यांच्यासाठी बारीक गळ आणि समुद्री किडा किंवा कात टाकणारा मऊ खेकडा लागतो. या लेखाचा भर मोठ्या तोंडाच्या, दबा धरणाऱ्या समर आणि सदर्न फ्लाउंडरवर आहे. समर फ्लाउंडरचा नोंदलेला विक्रम २२ पौंड ७ औंसांचा, म्हणजे १० किलोंहून थोडा जास्त. तो १९७५ साली न्यूयॉर्कच्या माँटॉकजवळ मिळाला. सदर्न फ्लाउंडरचा विक्रम २० पौंड ९ औंसांचा, १९८३ सालचा, फ्लोरिडातला. असे मासे आयुष्यात एकदाही दिसत नाहीत. दीड-दोन किलोंचा फ्लाउंडर हा कुणाच्याही दृष्टीने चांगला मासा आहे.

पाणी वाचायला शिका

सामान विकत घ्यायच्या आधी एक काम करा. पूर्ण ओहोटीला, शक्यतो उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, जिथे मासेमारी करायची आहे तो किनारा चालून पाहा. एरवी पाण्याखाली असलेले सगळे तेव्हा उघडे पडते. खाजणातून निघणारे ओहोळ कुठे मिळतात, वाळूचा दांडा कुठे तुटतो, कालवांचे (ऑयस्टर शिंपल्यांचे) बेट कुठे संपते आणि चिखल कुठे सुरू होतो, हे सगळे फोटो काढून ठेवा. भरतीला हीच जागा सपाट पाण्याची चादर दिसते, आणि ज्याने तळ पाहिलेला नसतो तो त्या चादरीवर कुठेही गळ टाकत बसतो.

शोधायच्या असतात त्या कडा. जिथे एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते तिथे फ्लाउंडर बसतो: वाळू संपून चिखल लागतो ती रेघ, उथळ पाणी एकदम खोल होते तो उतार, गवताच्या पट्ट्याची कड, पुलाच्या खांबामागची संथ पाण्याची जागा, धक्क्याचा कोपरा, दगडी बांधाचा पायथा. बांधावरून मासेमारी करणारे बहुतेक जण लांब फेकतात. फ्लाउंडर मात्र दगड संपून वाळू लागते तिथेच, बांधापासून दोन-चार मीटरांवर असतो. बांधाला समांतर फेकलेला गळ त्याच्यासमोरून जास्त वेळ जातो.

सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे खाजणातल्या ओहोळाचे तोंड. ओहोटी लागली की गवतात लपलेले लहान मासे आणि कोळंबी पाण्याबरोबर या अरुंद तोंडातून बाहेर पडतात. त्यांना दुसरी वाट नसते. फ्लाउंडर तोंडाच्या मधोमध क्वचित असतो. तो दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांवर किंवा प्रवाहाने कोरलेल्या लहान खड्ड्याच्या खालच्या ओठावर असतो. आधी जवळचा कोपरा, मग दूरचा, मग खड्डा, असा क्रम ठेवा. उलटे केले तर दूरच्या माशाला ओढून आणताना जवळचा बिथरतो.

भरती-ओहोटीतली वेळ जागेइतकीच महत्त्वाची. खाजणाजवळ मला ओहोटीचा मधला आणि शेवटचा भाग सर्वांत फळला आहे. समुद्राकडच्या तोंडाशी, जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे भरतीचे पहिले दोन तासही चांगले, कारण स्वच्छ पाणी आत येते आणि त्याबरोबर चाराही. पाणी थांबले की चावे थांबतात. दबा धरणाऱ्याला खाणे आणून देणारा प्रवाहच बंद झालेला असतो, त्यामुळे ती अर्धी घटका जागा बदलायला, आमिष ताजे करायला, पाणी प्यायला वापरा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी आणि प्रवाह मंद असतो. तेव्हा जिथे पाणी अरुंद होऊन वेग घेते, अशा पुलाखालच्या किंवा खाडीमुखाच्या जागी जावे.

गढूळपणाचे एक साधे माप आहे. गुडघाभर पाण्यात स्वतःचे पाय दिसत असतील तर उत्तम. कॉफीसारखे पाणी असेल तर दुसरी खाडी शोधा, कारण हा मासा मुख्यतः डोळ्यांनी शिकार करतो.

सामान

फार काही लागत नाही. साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ताकदीचा आणि टोकाला संवेदनशील असा रॉड, २५०० किंवा ३००० आकाराचे स्पिनिंग रील, १० ते १५ पौंडी ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाईन. ब्रेडेड लाईनवर मी आग्रही आहे. साधा तंगूस ताणून लांबतो, आणि फ्लाउंडरचा चावा त्या ताणात विरून जातो. ब्रेडला मात्र तळाची शिंपलीसुद्धा हाताला कळते. पुढे दोन फूट फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाआधीचा मजबूत दोरा, बांधा, २० पौंडी. कालवांच्या जागी ३० पौंडी. माशाच्या दातांनी लीडर खरवडतो, म्हणून दर दोन-तीन माशांनंतर बोटांनी चाचपून पाहा आणि खरखरीत लागला की तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा.

रचना दोन पुरेशा आहेत. जिवंत आमिषासाठी सरकते शिसे: ब्रेडमध्ये भोकाचे अंडाकृती शिसे ओवा, खाली एक मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), मग लीडर आणि शेवटी १/० ते ३/० मापाचा सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ. मासा आमिष घेऊन सरकला तरी लाईन शिशातून मोकळी जाते आणि त्याला वजन जाणवत नाही. कृत्रिम आमिषासाठी जिग, म्हणजे डोक्यावर शिसे ओतलेला गळ, आणि त्यावर तीन ते पाच इंचांचा मऊ प्लास्टिकचा मासा. उथळ ओहोळात ७ ग्रॅमचे डोके, प्रवाहात १४ ग्रॅमचे. जिग घट्ट गाठीऐवजी लहान मोकळ्या फाशाने बांधला तर तो पाण्यात जास्त मोकळेपणाने हलतो.

शिशाचा नियम एकच: तळ लागेल इतके, पण त्याहून जास्त नाही. होडीतून खोल पाण्यात साधारण दर तीन मीटर खोलीला २८ ग्रॅम इथून सुरुवात करा आणि प्रवाहाप्रमाणे वाढवा-घटवा. लाईन खूप तिरकी गेली आणि तळाचा ठोका कळेनासा झाला, तर वजन कमी पडते आहे.

आमिष

चिखलातले लहान किलीफिश हे सदर्न फ्लाउंडरचे नेहमीचे खाणे. ते चिवट असतात, दोन-तीन तास गळावर जिवंत राहतात. बोटभर लांबीचे बोयीचे पिल्लू मोठ्या माशासाठी त्याहून चांगले. दोन्हींना खालच्या ओठातून वर, वरच्या ओठातून बाहेर असा गळ लावा, म्हणजे ओढताना ते सरळ पोहतात. जिवंत कोळंबी चालते, पण तिच्यावर इतर सगळेच मासे तुटून पडतात आणि फ्लाउंडरपर्यंत पोहोचेपर्यंत गळ रिकामा होतो.

कापलेल्या आमिषाला कमी लेखू नका. माकुलाची किंवा माशाच्या पोटाची पट्टी दहा ते पंधरा सेंटीमीटर लांब, दोन सेंटीमीटर रुंद आणि शेपटीकडे निमुळती होत जाणारी कापा. रुंद टोकातून गळ एकदाच, बरोबर मधोमध ओवा. दोनदा ओवला किंवा एका बाजूला सरकला तर पट्टी गरगर फिरते, लीडरला पीळ बसतो आणि मासा तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. पाण्यात बाजूला धरून ओढून पाहा. ती पानासारखी लहरत आली पाहिजे.

कृत्रिम आमिषाचा रंग मी फार बदलत नाही. स्वच्छ पाण्यात पांढरा, गढुळात गुलाबी किंवा पोपटी. रंगाची चर्चा जितकी होते तितका फरक मला कधी दिसला नाही. आमिष तळापासून बोटभर उंचीवर आहे की हातभर, याने मात्र सगळा फरक पडतो.

फेकणे, ओढणे आणि चावा

१. प्रवाहाच्या वर, थोडे तिरके फेका, म्हणजे आमिष प्रवाहाबरोबर खाली येईल. फ्लाउंडरचे तोंड प्रवाहाकडे असते. मागून येणारे आमिष त्याला उशिरा दिसते.

२. तळाला लागू द्या. शिसे टेकले की लाईन सैल पडते. ती सैल पडेपर्यंत रील फिरवू नका.

३. हळू ओढा. जिवंत आमिष एक हात सरकवायचे आणि पाच-सात मोजेपर्यंत थांबायचे. जिग असेल तर टोक वीतभर उचला आणि परत टेकू द्या. तळावर छोटे छोटे धुळीचे ढग उठत राहिले पाहिजेत. पुष्कळ चावे आमिष खाली पडताना येतात, म्हणून टोक खाली आणताना लाईन किंचित ताणलेली ठेवा.

४. एका जागी पाच-सहा फेका पंख्यासारख्या करा, दोन हात सरका, पुन्हा करा. चावा नसेल तर वीस मिनिटांत जागा सोडा. एक मासा मिळाला तर मात्र हलू नका. चांगल्या कडेवर ते दोन-तीनच्या संख्येने असतात.

आता चावा. नवख्यांचे मासे इथे सुटतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. फ्लाउंडर लहान माशाला आधी आडवा धरतो, दातांत दाबून मारतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. हाताला आधी एक ‘ठक्’ कळतो, कधी तोही नाही. नुसते वाटते की गळ ओल्या फडक्यात अडकला. या क्षणी झटका दिला तर आमिष त्याच्या दातांतून निसटते. जिवंत आमिष असेल तर रॉडचे टोक त्याच्याकडे खाली करा, लाईन थोडी सैल सोडा आणि मनात दहा मोजा. पट्टी असेल तर तीन-चार पुरे. मग हळूच रील फिरवून ताण घ्या, आणि वजन जिवंत लागले की सर्कल गळाला झटका न देता एकसारखे ओढत राहा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. जिगला थांबायचे नाही. प्लास्टिक तोंडात गेल्यावर तो लगेच थुंकतो, तेव्हा ‘ठक्’ झाला की मनगटाने नेटका झटका.

आमिष परत आले आणि त्याच्या दोन्ही अंगांवर अर्धचंद्राकृती ओरखडे दिसले, तर तो फ्लाउंडरच होता. तो अजून तिथेच आहे. नवे आमिष लावा, बरोबर त्याच जागी टाका आणि या वेळी आणखी पाच जास्त मोजा. माझ्या वहीतल्या मोठ्या माशांपैकी कितीतरी दुसऱ्या खेपेचे आहेत.

होडीतून मासेमारी करताना हेच काम वाहत जाऊन होते. अर्धा ते एक नॉट वेगाने होडी वाहू द्या आणि आमिष तळाला टेकत-उठत न्या. वारा आणि प्रवाह एकाच दिशेने असले की वेग जास्त होतो, तेव्हा पाण्यात सी-अँकर, म्हणजे होडीला मागे ओढून धरणारी कापडी छत्री, सोडून तो आवरा. दोघे एकमेकांविरुद्ध असतील तर होडी जागीच घुटमळते, आमिषही मेल्यासारखे पडून राहते. अशा वेळी भरती-ओहोटी उलटण्याची वाट पाहणे शहाणपणाचे. समर फ्लाउंडरसाठी खोल पाण्यात बकटेल जिग, म्हणजे केसांचा झुबका असलेला जिग, त्यावर माकुलाची पट्टी आणि त्याच्या वर फूटभरावर दुसरा हलका गळ अशी जोडी वापरतात. होडीखाली उभी सोडून टोकाची बारीक, एकसारखी थरथर चालू ठेवायची असते.

वसंत: परतीची वाट

हिवाळ्यात समुद्रात अंडी घालून आलेला सदर्न फ्लाउंडर मार्चपासून खाडीत परततो. अंगाने रोडावलेला, भुकेला, पण थंड पाण्यामुळे सुस्त. उत्तरेकडे समर फ्लाउंडर एप्रिल-मेमध्ये खोल समुद्रातून किनाऱ्याकडे सरकतो. दोघांनाही ऊब हवी असते. म्हणून या दिवसांत पहाटे उठण्याचा हट्ट सोडा. दुपारी, ऊन चढल्यावर, काळ्या चिखलाच्या उथळ जागा आधी तापतात, आणि तिथून ओहोटीला बाहेर पडणाऱ्या पाण्यात आजूबाजूपेक्षा एक-दोन अंश जास्त ऊब असते. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा. त्या फरकाने मासा मिळतो.

आमिष लहान ठेवा. वसंतात पाण्यात असलेले चाऱ्याचे मासेच लहान असतात. ओढण्याचा वेग तुम्हाला योग्य वाटतो त्याच्या निम्मा करा. सुरुवात खाडीमुखाजवळच्या जागांपासून करा आणि आठवडे पुढे सरकतील तसे आत सरका, कारण मासाही तसाच आत जातो.

उन्हाळा: खोल आणि पहाटे

जून उजाडला की सदर्न फ्लाउंडर खाडीभर विखुरतो. सदर्न फ्लाउंडरला गोड्या पाण्याचे वावडे नाही, नदीत बराच वर गेलेलेही सापडतात. विखुरलेल्या माशाला शोधण्याचा एकच उपाय, जास्त जागा तपासणे. मी एका सकाळी आठ-दहा जागा करतो, प्रत्येकीला पंधरा मिनिटे. पहाटेपासून ऊन कडक होईपर्यंत उथळ कडा, नंतर खोल चराचे काठ, पुलांच्या सावल्या, धक्क्यांचे खांब. सावलीची रेघ हीही एक कड आहे, तिच्या अंधाऱ्या बाजूला गळ टाका.

समर फ्लाउंडरसाठी हे ऐन हंगामाचे महिने. सुरुवातीला खाडीच्या उथळ भागात मिळणारे मासे जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तापले की खाडीमुखाकडे आणि बाहेर समुद्रात बुडालेल्या जहाजांच्या, दगडी रचनांच्या कडेला जातात. मोठे मासे तिथेच असतात, आणि शिशांचे नुकसानही तिथेच होते.

उन्हाळ्यात पाण्यात चालताना दोन गोष्टी विसरू नका. पाऊल उचलून टाकू नका, तळावरून घासत न्या. पाकट वाळूत फ्लाउंडरसारखाच दडलेला असतो, घासत आलेल्या पायाची चाहूल लागली की निघून जातो, पण वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. काटा लागलाच तर भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला की वेदना कमी होते, आणि मग डॉक्टरकडे जायचेच. दुसरी गोष्ट, कालवांनी कापलेली जखम. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात आणि ते अशा जखमेतून शरीरात शिरले तर आजार फार झपाट्याने वाढतो. जखम लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी उघडी जखम घेऊन उन्हाळ्याच्या पाण्यात उतरूच नये. जखमेभोवती सूज आणि लाली पसरू लागली तर तासाचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शरद: सगळे एका वाटेने

वर्षभर ज्याची वाट पाहिली जाते तो हा काळ. दिवस लहान होतात, उत्तरेकडून पहिले थंड वारे येतात, पाणी २० अंशांखाली उतरू लागते, आणि खाडीभर पसरलेला सदर्न फ्लाउंडर अंडी घालण्यासाठी समुद्राकडे निघतो. समर फ्लाउंडर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच खोल पाण्याकडे वळतो, जाता जाता अंडी घालतो. उन्हाळ्यात दहा ठिकाणी विखुरलेला मासा आता एका अरुंद खाडीमुखातून जाणार असतो. उन्हाळाभर खाऊन तो जाडजूडही झालेला असतो.

निघणे एका दिवसात होत नाही. थंडीची प्रत्येक लाट मासा थोडा पुढे ढकलते. लाट येण्याच्या आदल्या दिवशी हवेचा दाब उतरू लागतो तेव्हा मासा जोरात खातो. लाट आल्यावर उत्तरेच्या वाऱ्याने खाडीतले पाणी बाहेर लोटले जाते, ओहोटी नेहमीपेक्षा खोल जाते. त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वारा पडला की, खाडीमुखाच्या आतल्या बाजूचे चर, शेवटचा पूल, शेवटचा दगडी बांध तपासा. मी खाडीच्या नकाशावर आतल्या ओहोळापासून समुद्रापर्यंत एक रेघ काढतो आणि आठवड्या-आठवड्याला त्या रेघेवर बाहेरच्या दिशेने सरकतो. आमिष मोठे करा, वीतभर बोयसुद्धा चालते.

या ऋतूचे कायदे जाणून घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका. गेल्या काही वर्षांत सदर्न फ्लाउंडरची संख्या खालावली आहे, आणि अंडी घालायला निघालेला मासाच सगळ्यांत सोपा सापडतो, म्हणून राज्यांनी नेमक्या याच काळात बंदी आणली आहे. टेक्सासमध्ये १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर, फ्लोरिडात १५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर, अलाबामात संपूर्ण नोव्हेंबर फ्लाउंडर ठेवता येत नाही. किमान लांबी टेक्सासमध्ये १५ इंच, फ्लोरिडात १४ इंच. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य विभागाचे ताजे पत्रक पाहाच.

मी स्वतः बंदीला मनापासून पाठिंबा देतो. सदर्न फ्लाउंडरचा नर क्वचितच ३० सेंटीमीटरपेक्षा मोठा होतो, मादी त्याच्या दुप्पट लांब होऊ शकते. म्हणजे किमान लांबीच्या नियमात बसणारा, आपण बर्फात ठेवतो तो जवळजवळ प्रत्येक मासा मादी असतो. त्यात पाणी फार तापले तर पिल्लांमध्ये नरांचेच प्रमाण वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. माद्या आधीच कमी होत असताना पोटात अंडी घेऊन चाललेली मादी ठेवायची की नाही, हा प्रश्न कायद्याने परवानगी दिलेल्या दिवशीही विचारावा. बंदी लागण्याआधीच्या आठवड्यांत मी दोन मध्यम मासे ठेवतो आणि मोठ्या माद्या सोडतो.

हिवाळा

बहुतेक मोठे मासे समुद्रात असतात. काही लहान मासे आणि थोडे मागे राहिलेले खाडीतल्या खोल खड्ड्यांत किंवा जिथे उबदार पाणी सोडले जाते अशा कालव्यांत सापडतात. आमिष जवळजवळ हलवू नका, चाव्याला दुप्पट वेळ द्या. उत्तरेला विंटर फ्लाउंडर मात्र उलटे वागतो, तो थंडीतच अंडी घालायला खाडीत येतो, त्याच्या रक्तात गोठणे रोखणारी प्रथिने असतात. एरवी हा काळ रीलला तेल घालायचा.

रात्री भाल्याने

काही राज्यांत रात्री दिवा घेऊन उथळ पाण्यात चालत भाल्याने फ्लाउंडर मारता येतो. वारा पडलेला असावा, पाणी नितळ असावे. वाळूत मासा दिसण्याआधी त्याची बाह्यरेषा दिसते, आणि लालसर चमकणारे डोळे. इथे एक जबाबदारी आहे: भाला मारलेला मासा सोडता येत नाही. भाल्याच्या दांड्यावर किमान लांबीची खूण करून ठेवा, माशाशेजारी धरून बघा, शंका आली तर पुढे चला.

वर घेणे, सोडणे, ठेवणे

गळाला लागलेला फ्लाउंडर आधी ओंडक्यासारखा सहज येतो. होडी किंवा पाय दिसले की मात्र जीव घेऊन खाली सूर मारतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे लाईन सुटताना होणारा अटकाव, आधीच हलका ठेवा. त्याचे डोके पाण्याबाहेर काढू नका, कारण हवेत तो डोके झटकतो आणि गळ निघून जातो. जाळे आधी पाण्यात बुडवा, मासा डोक्याकडून त्यात आणा आणि मगच उचला. माशाच्या मागे जाळे घेऊन धावलात की तो गेला. दात तीक्ष्ण असतात, गळ पक्कडीने काढा.

सोडायचा असेल तर हात ओले करा, पाण्यातच गळ काढा, खोल गिळला असेल तर लीडर तोंडाजवळ कापून द्या. ठेवायचा असेल तर गालफडाखाली काप देऊन रक्त वाहू द्या आणि बर्फ-पाण्याच्या मिश्रणात घाला. कापताना या माशाचे चार तुकडे निघतात: मधल्या रेषेवर डोक्यापासून शेपटीपर्यंत काट्याला लागेपर्यंत सुरी घाला, मग काट्यावरून सपाट सरकवत एकेक अर्धा सोडवा, उलटा करून तसेच पुन्हा. नियमाप्रमाणे मासा किनाऱ्यावर येईपर्यंत अखंड ठेवावा लागतो का, हे आधी बघून घ्या.

आणि घरी आल्यावर, हात वाळायच्या आत, वहीत लिहा: तारीख, भरती-ओहोटीचा तास, पाण्याचे तापमान, वाऱ्याची दिशा, कोणत्या कडेवर आणि त्या कडेच्या कोणत्या बाजूला. ज्या कोपऱ्यातून आज एक मासा उचलला, तिथे काही दिवसांत दुसरा येऊन बसतो. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच ओहोटीला, मी आधी तिथेच जातो.